जंगलाच्या सहलीत जास्तीचे पैसे कुठे घालावेत, कुठे नाही

नमस्कार. इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. एप्रिलच्या शेवटी मुलांच्या परीक्षा संपल्या की तुम्हाला ताडोबा करायचा आहे. तुम्ही दोघं, सहा आणि अकरा वर्षांची मुलं, आणि ६८ वर्षांच्या आई. आईंचे गुडघे दुखतात. घर नागपुरातच, बेसा भागात. बजेट लाखभर. पर्याय दोन: गेटजवळच्या महागड्या रिसॉर्टमध्ये दोन रात्री, एका खोलीचे रात्रीला ३२,००० रुपये, किंवा गावातल्या साध्या लॉजवर चार रात्री, खोलीला ५,५०० रुपये. जेवण दोन्हीकडे धरलेलं, सफारी दोन्हीकडे वेगळी. आणि तुम्ही विचारलंय, जवळपास सहापट पैशात सहापट काय मिळतं?

सहापट असं काहीच मिळत नाही, हे लगेच सांगून टाकते. पण तुमचा प्रश्न नीट वाचला तर त्यात दोन काळज्या आहेत. पैसे वाचवले आणि आईंचे हाल झाले तर? आणि पैसे घातले आणि वाघ दिसलाच नाही तर? या दोन काळज्यांची उत्तरं अगदी वेगळी आहेत. पहिल्या काळजीवर पैसा बऱ्यापैकी चालतो, दुसरीवर अजिबात चालत नाही. बहुतेक लोक दुसऱ्या काळजीपोटी पैसे मोजतात आणि नाराज होऊन परत येतात.

मी नागपुरातून ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला, नागझिरा अशा सहली आखून देते. त्याआधी एका जंगल रिसॉर्टच्या रिसेप्शनवर होते. त्यामुळे बिल देणाऱ्यांचे चेहरेही पाहिलेत आणि बिलात काय काय बसवलेलं असतं तेही पाहिलंय.

वाघाचं आधी बोलू, कारण गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. ताडोब्यात तुम्ही ३२,००० च्या खोलीतून निघा नाही तर गावातल्या लॉजमधून, गेटवर पोचलात की सगळे एकाच रांगेत. परवाना वनखात्याच्या ऑनलाइन बुकिंगमधून. गाडी तीच, उघडी जिप्सी. गाइड रोस्टरप्रमाणे ज्याचा नंबर लागेल तो. आत जायची वेळ तीच, बाहेर यायची वेळ तीच, मोबाईल आत न्यायचा नाही हा नियमही सगळ्यांना तोच. महाग खोलीच्या पाहुण्यांसाठी जंगलात वेगळा रस्ता नाही, आणि तो कधी असूही नये. रिसॉर्टवाला फोनवर 'आमच्याकडे साइटिंग खूप चांगलं आहे', म्हणजे वाघ बऱ्याचदा दिसतो, असं म्हणाला तर तो त्या गेटच्या अलीकडच्या नशिबाबद्दल बोलतोय. तेच नशीब शेजारच्या लॉजवाल्या पाहुण्यांनाही लागू आहे.

याच संदर्भात उमरेडची गोष्ट विसरू नका. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर आले आणि जिप्सींनी त्यांना दोन्हीकडून घेरलं. व्हिडिओ सगळीकडे फिरला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड आणि ड्रायव्हरवर निलंबनाची कारवाई झाली. कारवाई व्हायलाच हवी होती. पण त्या गाड्यांमध्ये बसलेली माणसं वर्षाचा शेवटचा दिवस, महाग बुकिंग, 'आता दाखवाच' अशा मनाने आलेली असतात, हेही खरं आहे. गाइडला आधीच 'वाघ दाखवलास तर दोन हजार देईन' म्हणणारे पाहुणे मी पाहिलेत. अशा बोलीचा परिणाम एकच होतो: गाडी पळते, गर्दीत घुसते, आणि तुम्ही चार तास धूळ खाता. गाइडला बक्षीस जरूर द्या, पण सफारी संपल्यावर, आणि त्याने जंगल कसं दाखवलं त्यासाठी.

मग जास्तीचे पैसे नेमके कशाचे? माझी पद्धत अशी आहे: जंगल आणि तुमच्या घरची माणसं यांच्यामध्ये काय काय आडवं येतंय ते बघायचं, आणि त्यातलं जे पैशाने दूर होतं त्याचेच पैसे मोजायचे. हे महिन्याप्रमाणे बदलतं, सोबत कोण आहे त्याप्रमाणे बदलतं. डिसेंबरमध्ये मित्रांचा ग्रुप येतो तेव्हा मी त्यांना बिनधास्त साधी खोली घ्यायला सांगते. तुमचं तसं नाही. तुमच्याकडे एप्रिलचा शेवट आहे, लहान मूल आहे आणि दुखरे गुडघे आहेत.

झोपेपासून सुरुवात करू. उन्हाळ्यात सकाळची सफारी साडेपाचच्या सुमारास सुरू होते, गेटवर त्याआधी पोचून ओळखपत्रं दाखवायची असतात. लॉज गेटपासून २५ किलोमीटरवर असेल तर मुलांना पावणेचारला उठवावं लागतं, दहा मिनिटांवर असेल तर पावणेपाचला. पहिल्या दिवशी उत्साहात हा तास जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी जाणवतो. अस्वल पिल्लांना पाठीवर घेऊन रस्ता ओलांडतंय आणि मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपलीय, आई एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने हलवतेय, तोवर अस्वल बांबूत गडप, हे मी मागच्या सीटवरून पाहिलं आहे. म्हणून गेटजवळच्या खोलीचे जास्त पैसे मी योग्य मानते. फक्त गेट तुमच्या परवान्याचं हवं. कोलारा आणि मोहर्ली ही ताडोब्याची दोन वेगळी गेटं; रिसॉर्ट कोलाऱ्याला आणि परवाना मोहर्लीचा, असं घडतं, कारण लोक आधी खोली घेतात आणि मग मिळेल तो परवाना. कोअरमधून, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव गाभ्यातून, आरपार जाता येत नाही. बाहेरून वळसा घालायचा तर दोन तासांच्या वर जातात. मग खोलीचं अंतर शून्य असूनही उपयोग शून्य.

आता ऊन. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण पुण्या-मुंबईच्या माहितीवर आपल्याकडचा उन्हाळा आखता येत नाही. तुम्ही नागपूरचे आहात, तुम्हाला सांगायला नको. पण घरच्या कूलरसमोर बसून सोसलेलं ऊन वेगळं आणि चिमूर-चंद्रपूरच्या बाजूला चार तास उघड्या जिप्सीत बसून आल्यावरचं ऊन वेगळं. याच उन्हामुळे जनावरं पाणवठ्यावर येतात आणि साइटिंग वाढतं, म्हणून लोक एप्रिल-मे निवडतात. सकाळची सफारी दहाच्या आत संपते, दुपारची तीनच्या आसपास सुरू होते. मधल्या पाच तासांत तुम्ही कुठे आहात, यावर दुपारची सफारी कशी जाईल ते ठरतं.

म्हणून खोलीचे फोटो बघण्याऐवजी फोन करून विचारा. छत कशाचं आहे, स्लॅबचं, कौलांचं की पत्र्याचं? कूलर आहे की एसी? आपल्या कोरड्या हवेत चांगला कूलर झकास चालतो, एसीच हवा असं नाही. पण त्यात पाणी कोण भरतं, दुपारी की फक्त सकाळी, हे विचारा. लाइट गेली तर जनरेटर आहे का, आणि त्यावर एसी चालतो की फक्त पंखे-दिवे? या शेवटच्या प्रश्नाला रिसेप्शनवरचा माणूस जरा थांबला तर समजून घ्या. तंबूंबद्दलही सांगते: ते आलिशान तंबू डिसेंबर-जानेवारीत राहायला फार सुंदर असतात. एप्रिलच्या शेवटी मी आजीला तंबूत ठेवणार नाही, कितीही तारांकित असला तरी. जाड भिंतींची साधी खोली बरी.

गुडघ्यांचं उत्तर बहुतेक लोक चुकीच्या जागी शोधतात. जिप्सीत चढणं अवघड आहे खरं, पण त्यावर फुकटचा उपाय आहे: घरून प्लास्टिकचं ठेंगणं स्टूल न्या, आणि आईंना ड्रायव्हरच्या लगेच मागच्या रांगेत बसवा. मागची रांग चाकावर येते, तिथे हादरे जास्त बसतात. खरी अडचण खोलीपासून जेवणाच्या हॉलपर्यंत असते. मोठ्या रिसॉर्टमध्ये कॉटेजेस दूर दूर पसरलेले असतात, दगडी पायवाट, मधेच चढ, पायऱ्यांना कठडा नाही. दिवसातून सहा वेळा जा-ये. तळमजल्यावरची, हॉलजवळची खोली मागा, आणि बाथरूममध्ये धरायला दांडा आहे का ते विचारा. हे सगळं महाग ठिकाणी असेलच असं नाही, आणि साध्या ठिकाणी नसेलच असंही नाही.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आई सगळ्या सफारी करणार नाहीत. एक करतील, फार तर दोन. बाकीच्या वेळी तुम्ही चौघं चार-पाच तास जंगलात आणि त्या एकट्या खोलीवर. म्हणजे रिसॉर्टचा जास्तीत जास्त वापर करणारी व्यक्ती तुमच्या घरात त्याच आहेत. सफारीला जाणाऱ्याला खोली फक्त झोपण्यापुरती लागते. न जाणाऱ्यासाठी तीच सहल असते. त्यांना सावलीचा व्हरांडा आहे का? समोर झाडं, पक्षी, एखादा पाणवठा दिसतो का, की समोर पार्किंग आहे? चहा मागितला तर कोणी आणून देतं का? चार शब्द बोलायला गावातली एखादी मावशी तिथे कामाला आहे का? मी अशा कुटुंबांना नेहमी विचारते की तुमच्यापैकी मागे कोण राहणार, आणि त्या माणसाच्या नजरेने जागा निवडायला लावते. तुम्ही जास्तीचे पैसे याच कारणासाठी घालणार असाल, तर मनात किंतु ठेवू नका.

घाईबद्दल थोडं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांच्या संशोधनातून असं पुढे आलं की कुठल्याही अनुभवाची आठवण त्याच्या सर्वांत तीव्र क्षणावर आणि शेवटावर फार ठरते. तो किती लांबला याला आठवणीत त्या मानाने कमी वजन असतं. मला हे रिसेप्शनवर रोज दिसायचं. शेवटच्या दिवशी लोक सकाळची सफारी करून दहाला परततात. केसांत धूळ, पोरं भुकेली, आणि चेकआउट दहाचं किंवा अकराचं. एक जण अंघोळीला, एक जण बॅग दाबून बंद करतोय, नाश्त्याचा हॉल साडेदहाला आवरणार, खोलीतला फोन दोनदा वाजलेला. त्यातच नवरा-बायकोची वादावादी होते, आणि सुंदर गेलेल्या दोन दिवसांवर त्याचंच सावट पसरतं. याला दोनच उपाय आहेत. शेवटच्या दिवशी सकाळची सफारी ठेवू नका, किंवा चेकआउट दुपारी दोनपर्यंत वाढवून घ्या आणि त्याचे वेगळे पैसे लागले तर द्या. माझ्या मते जंगल सहलीत याहून चांगला लागलेला पैसा क्वचित असतो. मधल्या आठवड्यात बऱ्याच ठिकाणी नुसतं आधी विचारलं तरी देतात.

आणि माणूस. चांगल्या रिसॉर्टमध्ये नॅचरलिस्ट, म्हणजे जंगल समजावून सांगणारा त्यांचा माणूस, असतो, आणि तो खरंच जाणकार असेल तर त्या जागेची किंमत तिथे आहे. बहुतेक ठिकाणी तो सफारीला सोबत आला तर जिप्सीतली एक जागा घेतो; तुम्ही पाच जण आहात आणि जिप्सीत सहा पर्यटक बसतात, म्हणून तुम्हाला ते जमू शकेल. बुकिंगच्या वेळीच विचारा, नंतर नाव घालता येत नाही. पण गेटवरचे गाइडही कमी समजू नका. ही बफरमधल्या, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांतलीच माणसं आहेत, ताडोब्यात बायकाही गाइड आहेत. कोलाऱ्याच्या बाजूला एका सफारीत आमच्या गाइड ताईने नाल्याजवळ गाडी बंद करायला लावली. चितळ धोक्याचा इशारा देत ओरडत होतं. गाडीतले सगळे उठून उभे राहिले. ती म्हणाली, "बसा जी, चितळ कशालाही ओरडते. सांबर बोलू द्या." आम्ही बसलो. इंजिन थंड होताना टक्-टक् आवाज करत होतं. वानर झाडाच्या शेंड्यावर एकाच दिशेला तोंड करून बसलं होतं, तिने ते बोटाने दाखवलं. बऱ्याच वेळाने सांबराचा तो एकच खणखणीत आवाज आला, आणि वानर हळूहळू मान वळवत गेलं. म्हणजे खाली झाडीत जे काही होतं ते चालत होतं, आणि आम्हाला न दिसता त्याची वाट आम्हाला दिसत होती. वाघ बाहेर आलाच नाही. त्या गाडीतल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाने परतताना वाटेतल्या प्रत्येक वानराची मान तपासली. अशी ताई मिळणं रोस्टरवर आहे, ती कुठल्याही रिसॉर्टला पैसे देऊन मिळत नाही. पण तिला गप्प राहून काम करू देणं तुमच्या हातात आहे.

आता कशाचे पैसे मी देणार नाही ते पटकन सांगते. खोलीचं आकारमान, कारण तुम्ही खोलीत जागे असाल तीन-चार तास. खोलीला जोडलेला खासगी छोटा पूल. मुलं सगळ्यांच्या मोठ्या पूलमध्येच जातात, तिथे दुसरी मुलं असतात. बत्तीस पदार्थांचा बुफे. या भागात आल्यावर ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, पाटोडी रस्सा कुणी गरम वाढत असेल तर ते पास्त्याच्या काउंटरपेक्षा कितीतरी चांगलं, आणि पहाटे सफारीला जाणाऱ्या माणसाने रात्री हलकंच जेवावं. 'खास तुमच्यासाठी वेगळी जिप्सी' यालाही भुलू नका. ताडोब्यात परवाना गाडीमागे असतो, तुम्ही पाच जण म्हणजे गाडी तशीही तुमचीच.

हेच गणित जंगलाबाहेरही लागू पडतं. जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेट मॅच बघायला जाताना महाग स्टँड घ्यावा का, असं लोक विचारतात. दिवसाची मॅच असेल तर सावलीच्या जागेचे जास्त पैसे जरूर द्या, आई-वडील सोबत असतील तर पार्किंग जवळ मिळतं त्याचेही द्या, कारण मॅच सुटल्यावर वर्धा रोडवर काय होतं ते आपण सगळे जाणतो. रात्रीची टी-ट्वेंटी असेल आणि कॉलेजातली पोरं जाणार असतील तर साधं तिकीट काढा, आवाज तिथेच जास्त असतो.

आता हिशेब, कारण तुमच्या आकड्यात एक गोष्ट राहून गेली आहे. तुम्ही ३२,००० गुणिले दोन रात्री, म्हणजे ६४,००० धरलेत असं दिसतं. पाच जणांना एका खोलीत कुठलंही असं रिसॉर्ट ठेवणार नाही. आईंची खोली वेगळी लागेल. दोन खोल्या, दोन रात्री, झाले १,२८,०००. खोलीचं भाडं रात्रीला ७,५०० च्या वर गेलं की १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २३,०४०. एकूण १,५१,०४०, आणि सफारी अजून बाकी. खर्च इथेच तुमच्या बजेटच्या दीडपट झाला. साध्या लॉजचं: ५,५०० च्या दोन खोल्या, चार रात्री, ४४,०००, ७,५०० पर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे, तो धरून ४६,२००. पैसे वाचतात, पण चार रात्री या घरासाठी जास्त आहेत. सहा वर्षांच्या मुलाला तिसऱ्या सफारीनंतर जंगल नको होतं, आणि आईंना एप्रिलच्या उन्हात चार दुपारी लॉजवर काढाव्या लागतील.

म्हणून मी तुम्हाला मधला पर्याय शोधायला सांगेन. गेटजवळ १०,००० ते १२,००० च्या दरम्यान नीटनेटकी जागा मिळते: स्लॅबची खोली, चालणारा एसी, जनरेटर, व्हरांडा, एक पूल. १२,००० धरले तर दोन खोल्या, दोन रात्री ४८,०००, कर ८,६४०, एकूण ५६,६४०. लाखातले त्रेचाळीस हजार शिल्लक राहतात. त्यात सफारी, पेट्रोल, बक्षिसं आणि उशिराचं चेकआउट बसवा. शिवाय एमटीडीसीच्या (राज्य पर्यटन महामंडळाच्या) आणि वनविकास महामंडळाच्या जागा मोहर्लीला आहेत, त्याही बघा. जागा मोक्याच्या आहेत, पण खोलीनिहाय फरक असतो, म्हणून कोणती खोली मिळणार ते विचारून घ्या.

दिवस बुधवार ते शुक्रवार धरा. मंगळवारी ताडोबा बंद असतो, आणि शनिवार-रविवारी परवान्याचे दर जास्त, गर्दीही जास्त. तुमच्यासारख्या नागपूरकराला मधल्या वारी जाण्याची जी सोय आहे, ती मुंबईहून विमानाने येणाऱ्याला नाही, ती वापरा. बुधवारी सकाळी आरामात निघून उमरेड, भिसी, चिमूर करत कोलाऱ्याला जेवायच्या वेळी पोचाल. बुधवारी दुपारची सफारी सगळ्यांनी, आईंसकट. गुरुवारी पहाटेची तुम्ही चौघांनी, आई व्हरांड्यात. गुरुवारी दुपारची सफारी ठेवू नका. मुलांना पूलमध्ये सोडा, स्वतः झोपा. वाटलंच तर बफरची एखादी फेरी मिळते का बघा. बफर म्हणजे दुय्यम अशी समजूत आहे, पण ताडोब्याच्या बफरमध्येही वाघ फिरतात आणि गाड्या कमी असतात. शुक्रवारी पहाटे शेवटची, आणि चेकआउट दोनला. तीन सफारी झाल्या, भरपूर झाल्या.

मुलांना 'वाघ बघायला चाललोय' असं सांगू नका, ही कळकळीची विनंती. जंगल बघायला चाललोय सांगा. धाकट्याला वाघ दिसायलाच हवा असेल तर गोरेवाड्याला न्या. बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यानातली सफारी २६ जानेवारी २०२१ पासून सुरू आहे, बसमधून होते, आईंच्या गुडघ्यांनाही सोपी, आणि घरापासून शहरातल्या शहरात. ती आधी करून टाका. मग ताडोब्यात धाकट्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलेलं असेल आणि तो मोर, रानगवे, मुंग्यांची वारुळं हे सगळं बघेल.

आणखी एक गोष्ट, कारण तुम्ही 'पैसे वसूल' असा शब्द वापरला आहे. आपल्या बाजूला काही अनुभव असे आहेत की त्यांना महाग जागेची गरजच नाही. महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेली जागा, ठरला. सिल्लारीच्या बाजूला अमावास्येच्या आसपास हिवाळ्यातल्या एका रात्री मुलांना घेऊन जा. नागपूरहून दोन तासांच्या आत पोचता आणि आकाशगंगा डोळ्यांनी दिसते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं 'निसर्गानुभव' म्हणून मचाणावर बसू देतं. तुमची मुलं अजून लहान आहेत, पण तुम्ही दोघांनी कधीतरी ते करा. रात्रभर एका पाणवठ्यावर बोलायचं नाही, हलायचं नाही, एवढंच. यांपैकी कशालाही ३२,००० ची खोली लागत नाही.

तुमच्या प्रश्नात न आलेली एक शक्यता राहते. महागडं रिसॉर्टच मनात भरलं असेल आणि एकदा तरी तिथे राहायची हौस असेल, तर ती हौस वाघाशी जोडू नका. पावसाळ्यात जा. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतं, बफरची काही गेटं सुरू असतात, आणि अशा ठिकाणांचे दर खूप खाली येतात. ऊन नाही, जनरेटरची चिंता नाही, आईंना व्हरांड्यातून पाऊस बघता येतो. तेव्हा ती खोली खऱ्या अर्थाने वापरली जाईल.

बुकिंगचा क्रम मात्र बदलू नका: आधी परवाना, मग त्याच गेटजवळची खोली, मग रजा पक्की. परवान्यावर ज्यांची नावं, त्या प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र सोबत हवं, मोबाईलमधला फोटो चालेल असं धरून चालू नका, मुलांचं आधारही काढून ठेवा. नावं सहसा नंतर बदलता येत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत, म्हणून आईंना कोणत्या सफारीला यायचं आहे ते त्यांनाच विचारून मग नाव घाला. तारीख आणि गेट ठरलं की इथेच लिहा, त्या गेटजवळच्या जागांबद्दल काय विचारायचं ते सांगते.